सागरी कयाकिंगसाठी छापील मार्गदर्शिका की मोबाइल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की कोकण किनाऱ्यावर कयाक घेऊन जाणाऱ्यांचे बेत ठरू लागतात आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. पुस्तक घ्यावं का? ॲप पुरेल का? भरतीची वेळ कुठून बघायची? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर मालवण, रत्नागिरी, रायगड आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आहे. परदेशात वल्हवणाऱ्या मराठी मंडळींसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न घेतला आहे.

सरळ सांगा, पुस्तक घ्यायचं की ॲप?

दोन्ही. पण दोघांची कामं वेगळी आहेत. किनारा कसा आहे, कुठे उतरता येतं, कुठल्या खाडीच्या मुखाशी पाणी फुटतं, वारा फिरला तर आसरा कुठे, हे पुस्तकातून शिकायचं आणि तेही घरी बसून. आजचा वारा किती, लाट किती उंच, मी या क्षणी नेमका कुठे आहे, हे फोन सांगतो. या दोघांच्या मध्ये तिसरी वस्तू लागते आणि ती विकत मिळत नाही: आपल्या हाताने बनवलेलं एका दिवसाचं एक पान, कयाकच्या डेकवर डोळ्यांसमोर बांधलेलं. माझ्या मते या तिन्हींत सर्वांत महत्त्वाचं तेच. ते बनवताना तुम्ही मार्गाचा जो विचार करता, तो ॲप उघडून निळी रेघ बघताना होत नाही.

फोनमध्ये नकाशा, भरती, वारा सगळं असतं. मग कागद कशाला?

कारण समुद्रावर फोन वापरायला लागणाऱ्या गोष्टी नेमक्या गरजेच्या वेळी हाताशी नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे हात. दोन्ही हात वल्ह्यावर असतात. पाणी शांत असेल तर एक हात सोडता येतो, पण पाणी शांत असताना नकाशा बघायची निकडही नसते. लाटा वाढतात, मुख ओलांडायचं असतं, तेव्हा नजर खाली टाकून अर्ध्या सेकंदात जे वाचता येईल तेवढंच उपयोगाचं. डेकवरचं पान तसं वाचता येतं. फोन मात्र पाऊचमधून काढा, उघडा, बोटाने सरकवा, असं मागतो.

दुसरी गोष्ट मीठ. टचस्क्रीन बोटातल्या विद्युत्भारावर चालतो आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. त्यामुळे पडद्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब असले की फोन भलतीकडे स्पर्श झाल्यासारखा वागतो. बोट ओलं, पाऊच ओला, वर मिठाचा थर, अशा अवस्थेत पासवर्ड टाकून बघा म्हणजे कळेल.

तिसरी गोष्ट ऊन. मार्चमध्ये अकरा वाजता डेकवर ठेवलेला फोन तापतो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगतं. बंद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये उन्हात ठेवलेला फोन त्याच्या कितीतरी वर जातो. मग पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, शेवटी फोन स्वतःच बंद पडतो. त्यातून पोलराइज्ड गॉगल घातलेला असेल तर काही कोनांतून पडदा काळाच दिसतो.

बॅटरीचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एक सांगतो. किनाऱ्यापासून दूर किंवा उंच कड्याआड रेंज जाते, फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं, कारण त्याला मोबाइलच्या नेटवर्कची गरज नसते. नकाशे आधी उतरवून ठेवा आणि एअरप्लेन मोड लावा.

माझा फोन आयपी-६८, म्हणजे जलरोधक दर्जाचा आहे. तरीही?

ती चाचणी गोड्या आणि स्थिर पाण्यात घेतात. लाटेचा मारा, वाळू आणि मीठ त्यात धरलेलं नसतं. चार्जिंगच्या खाचेत मीठ सुकलं की गंज धरतो. फोन कितीही जलरोधक असला तरी पाऊचमध्येच ठेवा, पाऊच लाइफ जॅकेटला दोरीने बांधा आणि किनाऱ्यावर आलात की गोड्या पाण्याने पुसून घ्या. कयाक उलटली तर डेकवरचा फोन जातो. जॅकेटच्या खिशातला तुमच्याबरोबर राहतो.

कोकण किनाऱ्यासाठी कयाकवाल्यांचं पुस्तक आहे का?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्गामार्गाची पानं असलेली कयाक-पुस्तकं अनेक वर्षं वापरात आहेत: कुठे गाडी लावायची, कुठून उतरायचं, कुठल्या बंदराच्या भरतीनंतर किती तासांनी प्रवाह उलटतो, इथपर्यंत. तशी परंपरा आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून आपल्याकडे ‘पुस्तक की ॲप’ हा प्रश्न थोडा फिरवून विचारावा लागतो: छापील स्वरूपात जे आहे त्यातून कयाकवाल्याला काय घेता येईल?

बरंच काही घेता येतं. देहरादूनच्या राष्ट्रीय जल सर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे आहेत. त्यांत खोली, खडक, दीपगृहं आणि बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) दाखवलेले असतात. हे नकाशे जहाजांसाठी असल्यामुळे कयाकला हवी ती किनाऱ्यालगतची पाचशे मीटरची पट्टी त्यांत पुष्कळदा मोकळीच असते. पण पाण्याखालचे खडक आणि बंदराचे मार्ग त्यांच्याइतके नीट दुसरीकडे मिळत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे किनाऱ्याची बाजू भरून काढतात. पुळण (वाळूचा किनारा) कुठे, कडा कुठे, गावात जाणारी वाट कुठे, देऊळ कुठे हे त्यांत असतं, आणि २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर असल्यामुळे पट्टीने अंतर काढणं सोपं. मुक्त मालिकेतले हे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, म्हणजे छापील आणि डिजिटल यांच्यातला भेद इथे जवळजवळ मिटतो: उतरवा, हवा तेवढा भाग कापा, छापा.

ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या ‘पायलट’ मालिकेत भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा खंड आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची जुनी आवृत्ती दिसली तर घ्या. बोये आणि दिवे त्यात कालबाह्य असतील, पण समुद्रातून बघताना डोंगर कसा दिसतो, कुठलं टोक कशावरून ओळखायचं, याची वर्णनं अजून खरी आहेत. बसल्या उंचीवरून, पाण्यापासून जेमतेम हातभर वर डोळे असताना, किनारा वरून काढलेल्या नकाशासारखा दिसत नाही. एक टोक दुसऱ्यात मिसळून जातं आणि खाडीचं मुख जवळ जाईपर्यंत उघडत नाही. ही नजर फक्त वर्णनातूनच तयार होते.

या सगळ्यात नसतं ते मच्छीमारांकडे असतं, आणि त्यासाठी वेळ काढावाच लागतो. डोल जाळ्यांचे खुंट खाडीत कुठे आहेत, रापण कुठल्या पुळणीवर ओढतात, या वर्षी वाळूचा दांडा कुठल्या अंगाला सरकला, हे कोणत्याही नकाशात मिळणार नाही. बंदरावर जाऊन, जाळी दुरुस्त करत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा. “काका, मुखातून आत शिरायचं तर कुठल्या बाजूने?” एवढं विचारलं तरी बहुतेक जण वाळूवर बोटाने काढून दाखवतात. ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या, तारीख घालून.

भरती-ओहोटीच्या वेळा छापील कोष्टकातून घ्याव्या की ॲपमधून?

नियोजनासाठी कोष्टक, ताळ्यासाठी ॲप, आणि दोन्हींच्या आधी तिथी.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. पक्षातल्या तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा अंदाजे तास. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. ओहोटी नऊच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार-मध्यरात्रीच्या आसपास भरती आणि सकाळ-संध्याकाळ पाणी खाली. मुंबईच्या पट्ट्यात हा हिशेब तासाभराच्या फरकाने जुळतो; गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते हे लक्षात ठेवा. तिथीची लांबी कमी-जास्त होत असल्यामुळेही फरक पडतो.

हा हिशेब कोष्टकाच्या जागी वापरायचा नाही. त्याचा उपयोग मोठी चूक पकडायला होतो. ॲपमध्ये चुकून दुसरं बंदर निवडलं गेलं, वेळ आंतरराष्ट्रीय घड्याळाने दाखवली, तारीख उद्याची उघडली, तर आकडा बघताच मनात खटकलं पाहिजे: “आज पंचमी, आणि हे भरती बाराला सांगतंय?” फोनवरचा आकडा तपासायला ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, तो त्या आकड्यावर डोळे मिटून विसंबतो.

पुढे, किती पाणी चढणार हेही तिथीवरून कळतं. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं आणि अष्टमीनंतर भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. किनाऱ्यावर दक्षिणेकडे जाल तसा हा चढउतार कमी होतो: खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या वर, मुंबईला उधाणात चार-पाच मीटर, गोव्यात साधारण दोन. म्हणून अलिबागजवळ शिकलेला माणूस पाळोळ्याला निर्धास्त होतो, ते ठीक आहे. उलट दिशेने गोव्यात शिकून रेवदंड्याला आलेल्याने मात्र जपावं. सकाळी पाण्याच्या काठाशी ठेवलेली कयाक दुपारी चिखलाच्या दोनशे मीटर पट्ट्यापलीकडे राहू शकते.

अधिकृत कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी छापतो. त्यांत मुंबई, मुरगाव अशा मुख्य बंदरांच्या वेळा असतात आणि मधल्या ठिकाणांसाठी फरक लावावा लागतो. मुंबईची वर्तमानपत्रं भरतीच्या वेळा देतात, त्या मुंबईच्याच असतात हे विसरू नका.

दोन वेळांच्या मधल्या पाण्यासाठी बारांशाचा नियम पाठ करा. भरतीपासून ओहोटीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक बारांश (एकूण चढउताराचा बारावा भाग) उतरतं. चढउतार ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ०.३ मीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ०.९ मीटर. खाडीच्या मुखाशी सर्वांत जोराचा ओढा याच दोन तासांत असतो. हे डेकवर लिहून ठेवायलाही लागत नाही, एकदा समजलं की पुरे.

ॲपमधली वेळ आणि गावातले लोक सांगतात ती वेळ जुळत नाही. कोणाचं धरायचं?

खाडीच्या आत असाल तर गावाचं. ॲपमधली वेळ बहुधा मुखावरची किंवा जवळच्या मोठ्या बंदराची असते आणि भरती खाडीत आत पोचायला वेळ लागतो. दाभोळच्या मुखावर पाणी उतरू लागलं तरी वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला ते अजून चढत असतं. तुमचा बेत खाडीत वर जाऊन परत येण्याचा असेल तर हा फरक फायद्याचा आहे, पण तो स्थानिकांकडूनच नीट कळतो.

वारा आणि लाटांसाठी पुस्तकाचा काही उपयोग?

रोजच्या अंदाजासाठी नाही. इथे फोनला तोड नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज आणि भारतीय हवामान विभागाचे मच्छीमारांसाठीचे इशारे निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी बघा. विंडीसारख्या ॲपवर वाऱ्याचा तासातासाचा अंदाज मिळतो. त्यात लाटेची उंचीच तेवढी बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेली लांब पल्ल्याची लाट इथे वारा पडलेला असतानाही येते आणि पुळणीवर, वाळूच्या दांड्यावर जोरात फुटते. इन्कॉइस तिचे वेगळे इशारे देतं.

ऋतूची घडी मात्र आधी माहीत हवी. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, सकाळी उशिरा पडतो आणि दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुटून संध्याकाळपर्यंत वाढतो. ॲपमधल्या मॉडेलचं जाळं काही किलोमीटरचं असतं. टोकाआडचा झोत किंवा खाडीतून बाहेर पडणारा मतलई त्यात दिसत नाही. त्यामुळे ॲपने दुपारी वारा कमी सांगितला तरी दक्षिणेकडे जाऊन त्याच दुपारी उत्तरेला परतण्याचा बेत करू नका.

डेकवरचं पान कसं बनवायचं?

मालवण ते किल्ले निवती हे उदाहरण घेऊ. साधारण बारा-पंधरा किलोमीटर, दक्षिणेकडे.

प्रथम नकाशाचा तेवढाच भाग ए-फोर आकारात छापा. उत्तर वर ठेवण्याचा हट्ट नको. जायची दिशा वर ठेवलीत तर वल्हवताना डोकं फिरवावं लागत नाही. फक्त उत्तरेचा बाण ठळक काढा. आता त्यावर जाड पेनाने आपल्याला लागेल तेवढंच लिहा. मालवण बंदराबाहेरचे आणि सिंधुदुर्गाभोवतीचे खडक, प्रवासी होड्यांचा मार्ग. तारकर्लीची लांब पुळण, जिथे लहान लाटेत कुठेही बाहेर पडता येतं. देवबागचं टोक. मग कर्लीचं मुख, आणि हीच या दिवसाची खरी कसोटी. पुढे भोगव्याची पुळण, त्यानंतर निवतीचं खडकाळ टोक.

कर्लीच्या मुखापाशी थांबून विचार करा. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की वाळूच्या दांड्यावर ती उभी राहून फुटते. म्हणून मुख भरतीच्या शेवटच्या तासात किंवा पाणी थबकलेलं असताना ओलांडायचं. भरलेली कयाक ताशी सुमारे पाच किलोमीटर चालते असं धरा आणि तिथपासून मागे मोजत निघायची वेळ काढा. ती वेळ सोयीची नसेल तर दिवस बदला. तिथीच्या हिशेबाने कुठल्या दिवशी मुखावरची भरती सकाळी मिळेल हे महिनाभर आधी सांगता येतं, आणि सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणे करता येतो.

पानाच्या कडेला चार ओळी: भरती आणि ओहोटीची वेळ आणि उंची, सूर्यास्त, मुख ओलांडायची मर्यादा (“साडेनऊनंतर नाही” अशी स्पष्ट), आणि बाहेर पडायच्या जागा क्रमाने. खाली तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण आपत्कालीन ११२ हे क्रमांक. प्रत्येक टप्प्याची होकायंत्राची दिशा अंशांत लिहा. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे नकाशावर कोनमापकाने मोजलेला आकडा तसाच वापरता येतो. ही सोय जगात सगळीकडे मिळत नाही.

पानाची दुसरी प्रत किनाऱ्यावर ठेवा: ज्यांच्या घरी उतरला आहात त्या काकूंकडे, किंवा सागरी पोलिसांच्या चौकीत. त्यावर किती जण, कयाकांचे रंग, कुठे पोचणार आणि “चार वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवा” एवढं लिहिलेलं असावं. पेचाच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ठिकाण शोधत बसण्यापेक्षा भिंतीवर टाचणीने लावलेला कागद लवकर सापडतो.

लॅमिनेशन की जलरोधक कागद?

एक दिवसाच्या पानाला तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन पुरतं. कागद कापूनच लॅमिनेट करा आणि चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिकची कड राहू द्या; लॅमिनेट झाल्यावर कागदाच्या कडेवर कापलं की तिथून पाणी शिरतं. चकचकीत फिल्मवर ऊन परावर्तित होतं, मॅट मिळाली तर ती घ्या. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या कडेला भोक पाडून दोरी ओवा. अनेक दिवसांच्या मोहिमेत रोजची नोंद करायची असेल तर जलरोधक वही आणि साधी शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही.

जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये टाकले तर जागा चुकते. का?

जुनी टोपोशीटं, म्हणजे सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, एव्हरेस्ट या मोजणी-आधारावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक येऊ शकतो. मोकळ्या समुद्रात त्याने काही बिघडत नाही, पण खडकांमधली वाट किंवा खाडीचं मुख शोधताना बिघडतं. नव्या मुक्त मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत. जीपीएसबरोबर तेच वापरा.

सागरी नकाशावर अंतर मोजायचं तर उभ्या कडेवरची अक्षांशाची पट्टी वापरा. एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आडव्या कडेवर मोजू नका.

उपग्रह चित्रांवरून मार्ग ठरवता येईल का?

पुळण, कडे आणि खारफुटी बघायला ती उत्तम आहेत. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं एकामागून एक बघितलीत तर वाळूचे दांडे कसे फिरतात हे डोळ्यांसमोर येतं. देवबागच्या संगमावर त्सुनामी आयलंड म्हणून ओळखला जाणारा पट्टा असा बघण्यासारखा आहे. पण चित्र भरतीच्या वेळचं की ओहोटीच्या हे त्यावर लिहिलेलं नसतं. निळं पाणी दिसतं तिथे ओहोटीला खडप उघडी पडलेली असू शकते. एकाच जागेची निदान तीन-चार चित्रं बघा आणि ज्यात पाणी सर्वांत खाली आहे त्यावरून खडक टिपा.

छापील माहिती जुनी होते, त्याचं काय?

होते, आणि कोकणात वेगाने होते. नव्या जेट्ट्या, बंधारे, खाड्यांवरचे पूल, रो-रो बोटींचे मार्ग, सगळंच बदलत आहे. मुंबई बंदरात वल्हवणाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू हाच मोठा बदल आहे; त्याआधी छापलेल्या कागदावर तो नाही. सागरी नकाशांच्या दुरुस्त्या जल सर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला ‘नाविकांसाठी सूचना’ म्हणून प्रसिद्ध करतं. त्या संकेतस्थळावर मिळतात आणि कागदावर हाताने उतरवायच्या असतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण जहाजांवर अधिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आहे.

तरी सगळं सारख्याच वेगाने जुनं होत नाही. डोंगर, टोकं, प्रवाहाचा स्वभाव, वाऱ्याचं वेळापत्रक बदलत नाही. वाळू मात्र दर पावसाळ्यात बदलते. म्हणून वाळूविषयीची माहिती, मग ती पुस्तकातली असो वा ॲपमधली, गेल्या पावसाळ्याच्या आधीची असेल तर ती नाही असंच समजा.

रेंज नसते, तर सॅटेलाइट मेसेंजर घेऊ का?

भारतात नाही, परवानगीशिवाय तर मुळीच नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह फोन किंवा उपग्रह-संदेश यंत्र बाळगणं, वापरणं हा गुन्हा ठरतो, आणि परदेशी प्रवासी अशा यंत्रांसह विमानतळावर पकडले गेलेले आहेत. परदेशातून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांना आणि मित्रांना हे आधीच सांगा. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ट्रेकला सर्रास नेलं जाणारं यंत्र बॅगेत राहून जातं. सागरी व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो. मोठ्या मोहिमेत तो रीतसर घ्यावा; संकटाच्या हाकेची वाहिनी १६ आहे. बाकीच्यांसाठी शिट्टी, आरसा, भडक रंगाचं जॅकेट आणि किनाऱ्यावर ठेवलेला कागद.

परवानग्या, अभयारण्यं, किल्ले यांची माहिती कशात मिळेल?

इथे छापील आणि डिजिटल दोन्ही अपुरे पडतात. प्रत्यक्ष विचारावं लागतं. महाराष्ट्रात बंदरांचा कारभार सागरी मंडळाकडे आहे, स्थानिक बंदर कार्यालयात चौकशी करा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे प्रवाळावर नांगर टाकू नका. जलदुर्ग संरक्षित स्मारकं आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहेत, त्यामुळे कुठे उतरायचं आणि रात्री थांबता येतं का हे आधी ठरवा. नौदलाच्या आणि बंदरांच्या हद्दी टाळा. सगळ्यांनी ओळखपत्राची छापील प्रत जलरोधक पिशवीत ठेवा. सागरी पोलिसांनी थांबवलं तर बंद पडलेल्या फोनमधलं ओळखपत्र दाखवता येत नाही.

वेळास, आंजर्ले यांसारख्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. त्या काळात तिथे रात्री दिवे लावून तंबू ठोकू नका. हे तुमच्या पानावर लाल रंगात लिहा.

आम्ही ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहतो. तिथे काय फरक?

ब्रिटनमध्ये कयाकची छापील पुस्तकं भरपूर आहेत आणि ती घ्यावीतच, कारण तिथे प्रवाह हाच मुख्य धोका आहे. स्कॉटलंडमध्ये जुरा आणि स्कार्बा बेटांमधल्या कॉरीव्रेकनसारख्या ठिकाणी चुकीच्या तासाला पोचणं जिवावर बेतू शकतं. पुस्तक सांगतं की ठरावीक बंदराच्या भरतीनंतर इतक्या तासांनी प्रवाह उलटतो. त्या दिवसाची भरतीची वेळ तुम्ही कोष्टकातून किंवा फोनवरून घेऊन दोन्ही जुळवता. एकाशिवाय दुसरं अर्धवट. तिथे उन्हाळी वेळ लागू असताना कोष्टकातली वेळ ग्रीनिचची आहे का हे आधी बघा, एक तासाची गफलत फार सहज होते.

सागरी नकाशांबाबत तिथे मोठा बदल होतो आहे. ब्रिटिश जल सर्वेक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये कागदी नकाशे बंद करण्याचं जाहीर केलं, पुढे वापरणाऱ्यांच्या आग्रहावरून ती मुदत २०३० च्या पुढे ढकलली. अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेने २०१९ मध्ये सुरू केलेली पारंपरिक कागदी नकाशे बंद करण्याची प्रक्रिया आता पूर्ण झाली आहे. तिथे हवा तेवढा भाग निवडून स्वतः छापून घेण्याची सोय मात्र आहे. म्हणजे कागद संपलेला नाही. तो छापायचं काम आपल्याकडे आलं आहे.

एकाने पुस्तक घ्यायचं आणि स्कॅन करून गटात टाकायचं, चालेल?

आपल्या वापरासाठी दोन-चार पानांची प्रत काढून डेकवर लावणं ठीक आहे. पूर्ण पुस्तक स्कॅन करून गटात फिरवू नका. किनारा पायाखाली घालून, प्रत्येक मुख वेगवेगळ्या पाण्यात बघून अशी पुस्तकं लिहिली जातात आणि ती थोड्याच लोकांना विकली जातात. मराठीत कोकणाचं असं पुस्तक व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते झालं तर लिहिणाऱ्याचा खर्च तरी निघायला हवा.

गटात किती जणांकडे कागद असावा?

प्रत्येकाकडे. एकाच म्होरक्याकडे पान असलं की बाकीचे त्याच्या मागे नुसते वल्हवत राहतात, आणि तोच मागे राहिला किंवा उलटला तर कोणालाच पुढची पुळण माहीत नसते. निघण्याआधी वाळूवर पाच मिनिटं बसून प्रत्येकाने आपल्या पानावरून मार्ग मोठ्याने सांगायचा: इथून निघणार, इथे थांबणार, हे ओलांडायचं नाही. ज्याला सांगता येत नाही त्याला पुन्हा समजवा. जीपीएस दोघांकडे असलं तरी पुरतं.

पहिल्यांदाच जातोय. एवढं सगळं लागेल का?

पहिल्यांदा जात असाल तर मोकळा समुद्र नको, जाणत्या माणसाबरोबर खाडीत जा. तिथेही तिथीवरून भरतीची वेळ काढा, कोष्टकाशी ताडून बघा आणि पाणी खरंच केव्हा फिरतं ते घड्याळ लावून बघा. काठावरच्या एखाद्या खुंटावर पाण्याची खूण धरून तासातासाने चढ मोजलात तर बारांशाचा नियम स्वतःच्या डोळ्यांनी पटेल.

पावसाळ्यात काय करायचं?

समुद्रात जायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जुनेजाणते होड्या पाण्यात लोटत नाहीत. या काळात गेल्या हंगामाची पानं काढा, प्रत्येकावर प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहा: भरती किती मिनिटांनी चुकली, वारा किती वाजता फिरला, कुठली पुळण उतरायला वाईट निघाली. मग ती मार्गाप्रमाणे एका फाइलीत लावा आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष घाला. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा बंदरावर जाल तेव्हा वाळूविषयीच्या ओळी तेवढ्या खोडून नव्याने विचारायच्या आहेत.